छत्तीस चौकोनांची मेजपट्टी

जुन्या लुगड्यांची व धोतरांची गोधडी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. कोल्हापूर-सांगलीकडे तिला वाकळ असें म्हणतात. थरावर थर ठेवावा, वरून चिंध्यांचीं ठिगळें लावावीं आणि धांवदोऱ्यानें ते सर्व थर एकत्र बांधून टाकावे, ही तिची कृति होय. हीच कृति लहान प्रमाणावर व ठरलेल्या मापानें केली म्हणजे मेजाच्या मध्यावर आंथरावयाची एक सुरेख पट्टी तयार होते. इंग्रजींत तिला ‘टेबल रनर’ म्हणतात. या लेखापुरतें आपण तिला मेजपट्टी म्हणूं. ती कशी करावी हें सांगणें हा या लेखाचा हेतु आहे. परंतु ती एकट्यानें न करितां वर्गांतील बारा जणांनीं मिळून कशी करावी, याकडे लेखाचा विशेष रोख आहे. कारण एकट्याच्या कामांत जो दोष सहज दडून जातो, तो अनेकांच्या कामांत दडत नाहीं.

गोधडी व माप

गोधडी शिवणाऱ्या बाईस मोजपट्टी लागत नाहीं. हातीं येईल ती चिंधी, जेथें बसेल तेथें ती लावते. उत्तर कन्नड जिल्ह्यांत राहणाऱ्या सिद्दी लोकांच्या स्त्रिया ‘कवंदी’ नांवाची गोधडी शिवतात. सिद्दी हे मूळचे आफ्रिकेंतील. त्यांच्यापैकीं पुष्कळांचे पूर्वज गोव्याच्या मार्गानें या प्रांतीं आले. त्यांच्या स्त्रिया एका कोपऱ्यापासून आरंभ करितात, कडेकडेनें लहानमोठीं ठिगळें मुडपून लावीत फेरे घेतात आणि शेवटीं मध्यावर येऊन पोंचतात. चारी कोपऱ्यांस घडी घातलेल्या चिंध्यांचीं फुलें बसविल्याखेरीज ती गोधडी त्यांस उघडीबोडकी वाटते. या कामांत माप हें शिवणारीच्या डोळ्यांत असतें, व एकाच नजरेखालीं सर्व काम होत असल्यामुळें तें पुरतें.

परंतु काम जेव्हां बारा जणांत वांटलें जातें, तेव्हां बारा जणांचे बारा डोळेमाप चालत नाहीं. तेथें सर्वांनीं आधीं एक माप मान्य करावें लागतें आणि मग, कोणी पाहो वा न पाहो, तें पाळावें लागतें. मेजपट्टीचें सर्व शिक्षण या एका गोष्टींत सांठविलेलें आहे.

साहित्य

अमेरिका, इंग्लंड वगैरे देशांत ५ इंच लांबीरुंदीचे कापलेले सुती चौकोन जुडी बांधून विकत मिळतात. अशा जुडीस ‘चार्म पॅक’ म्हणतात, व तींत बहुधा ४२ चौकोन असतात. आपणांस तशी जुडी मिळाली तर उत्तम. न मिळाली तरी अडत नाहीं. शिंप्याच्या दुकानांतील सुती कात्रणें घ्यावीं. जाड पुठ्ठ्याचा ५ इंची चौकोन करून त्यावरून खडूनें रेघा आंखाव्या व कापावें. पुठ्ठ्याची एक कड कापडाच्या उभ्या धाग्याशीं समांतर ठेवावी. कापड उरेब कापलें गेलें तर तें हातांत ताणलें जातें व चौकोनाचा शंकरपाळा होतो. विकतच्या जुडींतील चौकोनांच्या कडा पुष्कळदां दांतेरी असतात. तेथें माप बहुधा दांत्यांच्या टोंकांपासून धरलेलें असतें. तरी शिवण्यापूर्वीं पट्टी लावून एकदां खात्री करून घ्यावी. हे चौकोन आधीं धुऊं मात्र नयेत; त्यांचे धागे सुटतात व आकार बिघडतो. कात्रणांचें कापड मात्र कापण्यापूर्वींच धुऊन, वाळवून, इस्तरी करून घ्यावें.

आपणांस ३६ चौकोन लागतील. त्यांपैकीं १८ गडद रंगाचे व १८ फिक्या रंगाचे असावे. चारसहा चौकोन सरावासाठीं अधिक ठेवावे. रंगाविषयीं शंका आली तर डोळे अर्धवट मिटून पाहावें. म्हणजे नक्षी नाहींशी होते आणि गडद व फिका एवढाच भेद उरतो.

याशिवाय अस्तरासाठीं व कडेच्या गोटासाठीं ४४ इंच पन्ह्याचें सुती कापड पावणेदोन वार, म्हणजे सुमारें १.६ मीटर घ्यावें. मधल्या थरासाठीं फलालीनचा किंवा मऊ जुन्या चादरीचा साडेअठ्ठावन्न इंच लांब व १८ इंच रुंद तुकडा घ्यावा. सुती दोरा, बारीक सुया, टांचण्या, कात्री, खडू, फूटपट्टी व इस्तरी एवढें जवळ असलें म्हणजे तयारी पुरी झाली.

हिशेब

दोन तुकडे जोडतांना शिवणीच्या पलीकडे जें कापड राखून ठेवावयाचें, त्यास माया म्हणतात. या कामांत माया पाव इंचाची असते. म्हणजे प्रत्येक शिवण दोन्ही तुकड्यांचा पाव पाव मिळून अर्धा इंच गिळून टाकते. आतां हिशेब करून पाहूं.

लांबीस १२ चौकोन व रुंदीस ३ चौकोन अशी आपली मांडणी आहे. लांबींत १२ पंचे ६० इंच होतात, मधल्या ११ शिवणी साडेपांच इंच घेतात, बाकी साडेचौपन्न. रुंदींत तीन पंचे पंधरा, दोन शिवणी एक इंच घेतात, बाकी १४. पुढें कडेच्या गोटाखालीं चोहों बाजूंस पाव इंच दडेल, म्हणून चौकोनांचा दिसणारा भाग ५४ इंच लांब व साडेतेरा इंच रुंद राहील; गोटासह तयार मेजपट्टी साडेचौपन्न इंच लांब व १४ इंच रुंद होईल. चार फूट लांबीच्या मेजावर ती दोन्ही टोंकांस सव्वातीन सव्वातीन इंच खालीं उतरेल.

समजा, शिवणाऱ्यानें पाव इंचाऐवजीं एक सोळांश इंच अधिक माया घेतली. एक सोळांश इंच म्हणजे डोळ्यांस दिसेल न दिसेल असें अंतर. परंतु तें दोन्ही तुकड्यांतून जातें, म्हणून प्रत्येक शिवण एक अष्टमांश इंच अधिक गिळते. अकरा शिवणींत अकरा अष्टमांश, म्हणजे एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच कापड नाहींसें झालें! चूक लहान होती. तिची पुनरावृत्ति मोठी झाली. अपूर्णांकांचीं उदाहरणें व्यवहारांत कोठें उपयोगी पडतात, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनीं येथें थोडें थांबावें.

कामाची वांटणी

बारा चौकोनांच्या तीन लांब ओळी करून त्या जोडाव्या, असें प्रथम सुचतें. तसें करूं नये. लांब ओळींत अकरा शिवणींची चूक सांचत जाते, व शेजारच्या ओळीशीं ती जुळेनाशी होते. त्यापेक्षां तीन तीन चौकोनांच्या बारा आंखूड पट्ट्या कराव्या व मग त्या एकमेकींस जोडाव्या. एका पट्टींत दोनच शिवणी असल्यामुळें चूक झाली तरी ती तेथेंच सांपडते व तेथेंच दुरुस्त होते. शिवाय बारा जणांस एकेक पट्टी वांटून देतां येते.

पट्ट्यांस १ ते १२ असे अनुक्रमांक द्यावे. विषम अंकाच्या पट्टींत गडद, फिका, गडद असा क्रम ठेवावा. सम अंकाच्या पट्टींत फिका, गडद, फिका. त्या शेजारीं शेजारीं मांडल्या कीं बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें एकाआड एक रंग येतो.

पट्टी शिवणें

प्रथम सरावाच्या दोन चौकोनांवर परीक्षा करावी. त्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून कडा जुळवाव्या, टांचण्या लावाव्या व कडेपासून पाव इंचावर शिवण घालावी. शिवणयंत्र असेल तर सुईपासून पाव इंचावर यंत्राच्या पाटीवर कागदाची चिकटपट्टी लावावी व कापडाची कड तिच्याशीं भिडवून चालवावी. हातानें शिवावयाचें तर खडूनें रेघ आंखून बारीक धांवदोरा घालावा व मधूनमधून एक उलट टांका घ्यावा, म्हणजे शिवण सरकत नाहीं. मग तुकडे उघडून इस्तरी करावी व पट्टी लावावी. बरोबर साडेनऊ इंच भरले तर शिवण साधली. किंचित् कमी भरत असेल तर पुढील शिवण एका धाग्यानें कडेच्या जवळ घ्यावी. कारण कापड उलटतांना घडींतही धागाभर जागा जात असते.

परीक्षा उतरल्यावरच आपली पट्टी शिवावी. दोन शिवणी घालून ती १४ इंच भरली पाहिजे. इस्तरी कापडावरून फरफटत नेऊं नये. उचलून ठेवावी व दाबावी. फरफटीनें सरळ कापडही ताणलें जातें. माया नेहमीं गडद चौकोनाकडे वळवावी. यांत दोन लाभ आहेत. गडद कापडाची माया फिक्या चौकोनाखालून डोकावत नाहीं, हा एक. दुसरा अधिक महत्त्वाचा: शेजारच्या पट्टींत रंगांचा क्रम उलट असल्यामुळें तिची माया आपोआप विरुद्ध दिशेस वळलेली असते. दोन पट्ट्या जोडतांना या दोन माया एकमेकींस अडतात, बोटानें चांचपतां येतात, व चार चौकोनांचीं टोकें एका बिंदूंत मिळतात.

पट्ट्या जोडणें

जोडतांना दोन दोनांच्या जोड्या कराव्या: पहिली-दुसरी, तिसरी-चौथी, याप्रमाणें. बारांच्या सहा होतील. त्या सहांच्या तीन, आणि तिहींची एक. प्रत्येक पायरीस पट्टी लावावी. जोडीची रुंदी साडेनऊ इंच, चौघींची साडेअठरा, व सर्व मिळून लांबी साडेचौपन्न भरली पाहिजे.

येथेंच कसोटी लागते. एकीनें १४ इंचांची पट्टी आणली आणि तिच्या शेजारणीनें, त्या एक सोळांशाच्या चुकीमुळें, पावणेचौदा इंचांची आणली, तर काय होतें तें पाहावें. वरच्या कडा जुळविल्या कीं पहिला सांधा एक सोळांश इंचानें चुकतो, दुसरा तीन सोळांशांनीं, आणि खालची कड पाव इंचानें आंखूड पडते. अशा वेळीं आंखूड पट्टी ओढून ताणून बसविण्याचा मोह होतो. ती बसतेही, परंतु पट्टी कायमची सुरकुतते व पहिल्या धुण्यांत तिचें सोंग उघडें पडतें. खरा उपाय उसवणें हाच. एका बाजूचा दर चौथा टांका कापावा व उलट बाजूचा दोरा ओढून घ्यावा. कापडास इजा न होतां शिवण मोकळी होते. उसवण्यांत कमीपणा नाहीं. ज्या पट्टीची चूक असेल ती पट्टी उसवावी. दुसरीची बरोबर असलेली पट्टी तिच्या चुकीशीं जुळवून घेऊं नये. नाहीं तर एकीची चूक बाराजणींची होते.

तीन थर

पावणेदोन वार कापडांतून साडेअठ्ठावन्न इंच लांब व १८ इंच रुंद असें अस्तर कापावें. उरलेल्या भागांतून सव्वादोन इंच रुंदीच्या तीन लांब पट्ट्या गोटासाठीं काढाव्या. अस्तर उलट बाजू वर करून मेजावर ताठ पसरावें. त्यावर फलालीन, त्यावर चौकोनांचें दर्शनी कापड सुलट बाजू वर करून मध्यावर ठेवावें. अस्तर व फलालीन चोहों बाजूंस दोन दोन इंच बाहेर राहतील. काम चालतांना थर थोडे आंत ओढले जातात, त्यासाठीं ही तजवीज आहे. मग मध्यापासून कडेकडे जात, चार चार इंचांवर मोठ्या कच्च्या टांक्यांनीं तिन्ही थर टांचून घ्यावे.

आतां खरें गोधडीचें काम. प्रत्येक चौकोनांत, शिवणीपासून पाव इंच आंत, धांवदोऱ्याचा एक चौकोनी फेरा घालावा. कडेच्या चौकोनांत बाहेरील बाजूस अर्धा इंच आंत यावें, म्हणजे गोट लावल्यावर तें अंतर पाव इंच दिसेल. दोरा हातभरापेक्षां लांब घेऊं नये. लांब दोरा गुंततो व झिजतो. गांठ दर्शनी कापडांतून हलकेंच ओढून मधल्या थरांत दडवावी. टांके अगदीं बारीक नसले तरी चालतील. परंतु ते सारखे असावे आणि तिन्ही थरांतून गेलेले असावे. अस्तर उलटून मधूनमधून पाहत जावें.

एका फेऱ्याची लांबी १६ इंच; छत्तीस फेऱ्यांची ५७६ इंच, म्हणजे बरोबर १६ वार. प्रत्येकीच्या वांट्यास तीन चौकोन, म्हणजे ४८ इंच येतात. इंचास वर दिसणारे पांच टांके धरले तर एकीचे टांके २४० होतात. एवढें काम कोणासही जड नाहीं. बाराजणी एकदम बसूं शकणार नाहींत. म्हणून दोन पाळ्या कराव्या. पहिल्या पाळीनें मधल्या सहा पट्ट्या, म्हणजे चौथीपासून नववीपर्यंत, भराव्या व दुसरीनें टोंकांकडील तीन तीन. मध्यापासून बाहेर गेल्यानें थरांतील सुरकुती कडेकडे निघून जाते.

या टांक्यांचें काम शोभेपुरतें नाहीं. तीन थर नुसते कडेनें जोडले तर धुतांना आंतील थर सरकतो व गोळा होतो. दर चार इंचांत त्यास धरून ठेवणारा दोरा असला म्हणजे मेजपट्टी वर्षानुवर्षें टिकते.

गोट

फेरे पुरे झाल्यावर बाहेर राहिलेलें अस्तर व फलालीन दर्शनी कापडाच्या कडेबरोबर कापून टाकावें. कडेची एकूण लांबी १३७ इंच भरते. सांधे व कोपरे धरून १४७ इंच गोट पुरेसा होतो. कडा सरळ असल्यामुळें गोट सरळ धाग्याचा चालतो. उरेब पट्टी गोल कडांसच लागते. गोटाच्या पट्ट्या जोडून लांबीस दुमडून इस्तरी करावी. तिच्या उघड्या कडा मेजपट्टीच्या कडेशीं जुळवून, सुलट बाजूनें, पाव इंचावर शिवाव्या. कोपऱ्यापूर्वीं पाव इंच थांबावें, गोट वर उचलून पुन्हां खालीं दुमडावा व दुसऱ्या कडेनें पुढें चालावें. म्हणजे कोपऱ्यांत तिरपी घडी आपोआप पडते. शेवटीं गोट अस्तराकडे वळवून तुरपाईनें बसवावा व कच्चे टांके काढून टाकावे.

धुतांना थंड पाणी व सौम्य साबण वापरावा आणि सावलींत वाळवावी. ही पट्टी शोभेची आहे. चुलीवरून उतरलेलें पातेलें तिच्यावर ठेवूं नये.

सिंगापूर येथील चौकोन

एका मापाचे चौकोन वांटून देऊन अनेकांकडून एक वस्त्र करून घेण्याची ही युक्ति केवळ वर्गाच्या सोयीची नाहीं. ती एके काळीं फार मोठ्या संकटांत उपयोगी पडली आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं, सिंगापूर जपान्यांच्या हातीं पडलें. तेथील युरोपीय नागरिकांस चांगी तुरुंगांत कोंडण्यांत आलें. पुरुष एका भागांत व स्त्रिया-मुलें दुसऱ्या भागांत. परस्परांची भेट नाहीं, पत्र नाहीं. आपला माणूस जिवंत आहे कीं नाहीं, हेंही कळण्याचा मार्ग नव्हता.

त्या स्त्रियांमध्यें एथेल मल्वानी नांवाच्या एक कॅनेडियन बाई होत्या. त्यांनीं तुरुंगांतील स्त्रियांस ६ इंची पांढऱ्या सुती कापडाचा एकेक चौकोन दिला व त्यावर कांहींतरी स्वतःचें असें भरावें, असें सांगितलें. कोणी फूल भरलें, कोणी घर, कोणी आपल्या देशाचा नकाशा. आणि चौकोनावर आपलें नांव घातलें. सहासष्ट सहासष्ट चौकोनांच्या तीन गोधड्या झाल्या. त्या जखमी सैनिकांच्या इस्पितळांसाठीं म्हणून बाहेर पाठविण्याची परवानगी मिळाली. कापडावर भरलेलीं तीं नांवें पुरुषांच्या दृष्टीस पडावीं व आपली पत्नी जिवंत आहे एवढें तरी त्यांस कळावें, हा त्यामागील हेतु होता. त्यांपैकीं दोन गोधड्या आज ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथील युद्धस्मारकांत आहेत, व एक ब्रिटिश रेड क्रॉस संस्थेजवळ आहे.

त्याच तुरुंगांत एलिझाबेथ एनिस या परिचारिकेनें सुमारें वीस मुलींचें एक गाइड पथक चालविलें होतें. मुलींचें वय आठ ते सोळा, म्हणजे आपल्या शाळेंतील विद्यार्थिनींएवढें. त्यांनीं आपल्या बाईंस भेट द्यावी म्हणून चिंध्या जमवून, षट्‌कोनी तुकडे जोडून, गुपचूप एक गोधडी शिवली. ती लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्यें जपून ठेविली आहे.

चौकोनांच्या त्या तीन गोधड्यांत कोणाचा टांका बारीक आहे, कोणाचा ओबडधोबड. चित्रें तर सर्वस्वीं निरनिराळीं. परंतु चौकोन सर्वांचा ६ इंचांचा होता, म्हणून तीं सर्व मनें एका कापडावर येऊं शकलीं. माप समान ठेवण्यानें कोणाचें वेगळेपण गेलें नाहीं. उलट त्याच योगानें प्रत्येकीचें वेगळेपण दुसरीच्या शेजारीं बसूं शकलें.

असो. आपल्या वर्गावर तसा प्रसंग नाहीं, व तो कोणावरही न येवो. परंतु बारा जणांनीं मिळून केलेली मेजपट्टी शाळेच्या वाचनालयांतील लांब मेजावर पडली म्हणजे ती पाहणारास प्रथम रंग दिसतील, आणि ज्यांनीं ती शिवली त्यांस सांधे दिसतील. ती तेथें ठेवण्यापूर्वीं एक काम करावें. उलट बाजूस, अस्तराच्या कोपऱ्यांत, बारांचीं नांवें व वर्ष बारीक टांक्यांनीं भरावें; आणि प्रत्येकीनें आपलें नांव स्वतःच्याच हातानें घालावें.